कडेला उरलेले धागे

मागावरचं कापड शेवटच्या टोकापर्यंत विणता येत नाही. यात विणकराची हयगय नाही, मागच तसा असतो. उभे धागे, म्हणजे ताणा, दोन्हीकडून ओढून बांधलेले. धोटा बाण्याचा धागा घेऊन त्यांच्यातून इकडून तिकडे जातो आणि फणी तो धागा ठोकून बसवते. विणत विणत शेवटाकडे आलं की धोट्याला फिरायला जागाच राहत नाही, आणि ताण्याचा काही भाग कोराच उरतो. तो तसाच ठेवून कापड मागावरून उतरवायचं. त्या सुट्या, लोंबत्या धाग्यांना आपण दशा म्हणतो. उपरण्याला, शालीला, घोंगडीला, हातमागाच्या साडीच्या पदराला त्या असतात.

झालरीचं प्रकरण वेगळं. पालखीच्या छताला, अब्दागिरीला, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर चढणाऱ्या झुलीला, दिवाणखान्यातल्या पडद्याच्या खालच्या अंगाला जी असते ती वेगळी करून आणून शिवलेली. उसवली तर मूळ कापडाचं काही बिघडत नाही. दशा मात्र कापडाच्या पोटातून आलेल्या. कात्रीने छाटल्या तर आखूड होतील एवढंच, कारण धागा तोच पुढे थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला असतो.

पुढच्या पानांतले लेख ‘फ्रिंज’ या एका नावाखाली एकत्र आले आहेत. वस्त्रांची कड, प्रकाशाचे पट्टे, मुख्य प्रवाहाबाहेरची नाटकं, विज्ञानाच्या वेशीवर ताटकळणारे सिद्धांत आणि समाजाने कडेला लोटलेली माणसं, असा हा ऐसपैस पसारा. सगळं एकाच पिशवीत का कोंबलं, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की या सगळ्या ठिकाणी एकच प्रश्न कामाला येतो: समोर दिसते ती दशी की झालर? म्हणजे ही कड मधल्या कापडातून आलेली, की कुणी वरून शिवलेली? उत्तर दर वेळी सरळ येत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

आधी कापडाबद्दलच थोडं सांगतो. दशा शोभेसाठी असतात हा समज तयार कपड्यांच्या दुकानात होतो. सुट्या दशा तशाच सोडल्या तर शेवटचा बाणा सरकतो, मग त्याच्या आतला, आणि कापड कडेकडून उसवत जातं. म्हणून दशांना पीळ देतात. थोडे धागे एका चिमटीत, थोडे दुसऱ्या. दोन्ही जुड्या एकाच दिशेने घट्ट पिळायच्या, मग एकमेकींशेजारी धरून उलट्या दिशेने वळायच्या आणि टोकाला गाठ मारायची. हात सोडला की प्रत्येक जुडी आपला पीळ उलगडायला बघते, आणि नेमक्या त्या धडपडीने दुसरीला जास्तच आवळते. दोरखंडही असाच वळतात. सणगरांच्या घोंगडीचा ताणा चिंचोक्याच्या खळीने आधीच कडक केलेला असतो, त्यामुळे तिच्या दशा पिळताना बोटं चांगलीच बोलतात. साडीच्या पदराला गोंडे करून देणाऱ्या बायका हेच काम रेशमावर करतात, आणि दुकानदार त्याचे पैसे ‘वरकाम’ म्हणून लावतो. खरं तर कापड धरून ठेवणारं काम ते.

बीजेची कोर दिसली की अंगावरच्या वस्त्राची एक दशी ओढून चंद्राला वाहायची आणि जुनं घेऊन नवं दे म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. एका धाग्याने अख्खं वस्त्र दिल्यासारखं होतं, कारण तो धागा त्या वस्त्राचा असतो. झालरीचा तुकडा कुणी चंद्राला वाहिल्याचं ऐकिवात नाही.

हीच समजूत फार लांब, फार आधी, कायद्याच्या कामी आलेली दिसते. मेसोपोटेमियात ज्याच्याजवळ मुद्रा नसे तो माणूस मातीच्या ओल्या पाटीवरच्या करारावर आपल्या वस्त्राची कड दाबायचा. कडेच्या दशांचा ठसा म्हणजे त्याची सही. युफ्रेटिसच्या काठी, आजच्या सीरियात, मारी नावाचं नगर होतं. तिथे १९३३ पासून झालेल्या उत्खननात राजवाड्याचं दप्तर हाती आलं. इसवी सनापूर्वीच्या अठराव्या शतकातली राजा झिम्री-लिमची पत्रं त्यात आहेत. देवाचा संचार होऊन कुणी काही बोललं की अधिकारी ते राजाला कळवत, आणि सोबत त्या व्यक्तीच्या केसांची बट आणि वस्त्राची कड पाठवत, म्हणजे शकुन बघणाऱ्यांना पडताळा घेता यावा. माणूस दूर गावी, त्याची कड दरबारात. घटस्फोटातही बायकोच्या वस्त्राची कड कापण्याचा विधी होता. कापड फाटलं असं त्यात कुणी म्हणत नसे, नातं तुटलं असंच म्हणत.

इथे माझाच प्रश्न मला अडवतो. ज्यू धर्मग्रंथात, गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, वस्त्राच्या चारही कोपऱ्यांना गोंडे लावायची आज्ञा आहे. ते पाहून आज्ञांची आठवण राहावी. हे गोंडे कापडाच्या ताण्याचे नसतात. कोपऱ्याजवळच्या भोकातून चार धागे ओवायचे, दुमडून आठ करायचे आणि ठरलेल्या गाठी मारायच्या. म्हणजे माझ्या हिशेबाने ही झालर. पण प्रार्थनेच्या वेळी पांघरायच्या या शालीचं सगळं महत्त्व त्या ओवलेल्या धाग्यांत आहे. ते नसतील तर ती प्रार्थनेच्या कामाची नाही. त्यातला एक धागा निळा हवा, आणि तो निळा समुद्री गोगलगायीपासून काढायचा. ही कृती पुढे विसरली गेली, तेव्हा भलताच निळा वापरण्यापेक्षा लोकांनी शतकानुशतकं नुसते पांढरे धागे बांधले. अलिबागकडे ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांच्या सिनेगॉगांतही ही शाल खांद्यावर दिसते. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ते नाव. शिवलेली गोष्ट पुरेशा पिढ्या अंगावर राहिली की कापडाचीच होते, असं म्हणायला या उदाहरणाने मला भाग पाडलं.

इंका साम्राज्यात तर कड डोक्यावरच चढली. सम्राटाचा मुकुट म्हणजे कपाळावर लोंबणारी तांबड्या लोकरीची झालर. गादीवर बसणं म्हणजे ती बांधणं. १५३२ साली काहामार्कात पिझारोने ज्या अताहुआल्पाला पकडलं, त्याच्या राजेपणाची खूण सोन्याची नव्हती, लोकरीची होती. मुंडावळ्या बांधून बोहल्यावर बसलेला नवरदेव एका दिवसाचा राजा असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

कपाळाचा विषय निघालाच आहे तर साधना कटही उरकून घेऊ. १९६० सालच्या ‘लव्ह इन सिमला’ चित्रपटात नायिका साधनाचं रुंद कपाळ झाकायला पुढे बटा कापल्या, आणि पुढची कैक वर्षं गावोगावच्या मुली त्या बटांसाठी घरच्यांची बोलणी खात राहिल्या. तसंच मॅक्रमेचं. त्याचा उगम अरब विणकरांनी कापडाच्या सुट्या धाग्यांना मारलेल्या गाठींत मानतात. आपल्याकडे ते झोपाळे आणि कुंड्यांची शिंकी होऊन मध्यमवर्गीय गॅलरीत लटकलं. कापड गेलं, नुसती कड राहिली. दशा आणि झालर यांच्या पलीकडचा हा तिसरा प्रकार, आणि खरं सांगायचं तर मला तो कधी आवडला नाही.

आता प्रकाशाकडे. तिथे जायला रेशमी रुमाल पुरतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले एक फ्रान्सिस हॉपकिन्सन. १७८५ च्या सुमारास फिलाडेल्फियात एका संध्याकाळी त्यांनी रुमाल डोळ्यांसमोर धरून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. रुमालाचे धागे जाड तारांसारखे दिसले. चमत्कार पुढेच होता: रुमाल डावीउजवीकडे हलवला तरी त्या रेषा जागच्या हलेनात. म्हणजे दिसत होतं ते धागे नव्हतेच. त्यांनी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना विचारलं. रिटनहाउस यांनी बारीक आट्यांच्या स्क्रूंवर केस शेजारी शेजारी ताणून बसवले आणि त्या चौकटीतून प्रकाश पाहिला. म्हणजे नुसत्या ताण्याचा माग, बाणा नाहीच. प्रकाशाचं विवर्तन मोजायची जाळी जगात प्रथम बनली ती अशी. बारीक विणीची ओढणी आणि लांबचा एकटा दिवा एवढ्यावर घरीही ही गंमत बघता येते. दिव्याभोवती ठिपक्यांची फुली उमटते.

न्यूटनने हे आधीच पाहिलं होतं. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये केसाच्या सावलीच्या कडेला दिसणाऱ्या रंगीत पट्ट्यांना त्याने झालरीचाच शब्द वापरला आणि त्यांची मापंही घेतली. पण प्रकाश म्हणजे कण ही त्याची धारणा होती, आणि त्या धारणेत हे पट्टे नीट बसत नव्हते. त्याच्यासाठी ती झालरच राहिली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८०३ साली, थॉमस यंगने खिडकीच्या झडपेच्या बारीक भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत कार्डाची एक पट्टी आडवी धरली, इंचाच्या तिसाव्या हिश्शाएवढी अरुंद. सावलीच्या बाहेर पट्टे होतेच, पण आतही होते, म्हणजे जिथे काळोख हवा तिथे उजेडाच्या रेघा. मग त्याने कार्डाच्या एका बाजूने जाणारा प्रकाश अडवला. दुसरी बाजू तशीच उघडी होती, तरी आतले पट्टे गायब. दोन बाजूंनी येणारे प्रकाश एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे एकमेकांना पुसतात, हे लहरींशिवाय होत नाही. न्यूटनच्या पुण्याईपुढे हे बोलणं आगाऊपणाचं ठरलं. ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये हेन्री ब्रूमने यंगची यथेच्छ हजेरी घेतली. कडेची ती रेघ प्रकाशाच्या ताण्याचीच होती, हे लोकांच्या गळी उतरायला पुढची दीड दशकं आणि फ्रेनेलचं गणित लागलं.

मग तेच पट्टे मोजपट्टी झाले. १८८७ मध्ये क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मॉर्ली यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी फरशीवर आरसे बसवले. प्रकाश ज्यातून वाहतो म्हणत त्या ईथरमधून पृथ्वी धावत असेल, तर यंत्र फिरवल्यावर पट्टे एका पट्ट्याच्या ०.४ इतके सरकायला हवे होते. जे काही सरकले ते त्याच्या विसाव्या हिश्शाहून खात्रीने कमी. भौतिकशास्त्राच्या इतिहासात न हललेल्या कडेने इतका गोंधळ क्वचितच घातला असेल. तीच युक्ती चार चार किलोमीटरच्या बाहूंवर ताणली की लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते. तिथे दोन बाहूंतून परतलेला प्रकाश एकमेकाला जवळजवळ पूर्ण पुसेल अशी मांडणी करतात आणि त्या काळ्या पट्ट्यावर नजर ठेवून बसतात. १४ सप्टेंबर २०१५ ला तो काळोख हलला: सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरीने आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी कमी इतकं बदललं होतं.

असंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, व्हायचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही त्यातल्या संस्थांपैकी एक. ज्या जिल्ह्याची मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत एरवी दुष्काळापुरतीच आठवण निघते, त्याची निवड तिथली जमीन शांत आहे म्हणून झाली. काळोख्या पट्ट्यावर पहारा द्यायला गजबजाट चालत नाही.

ब्रूमने ज्यात यंगची हजेरी घेतली त्या त्रैमासिकाचं गाव एडिंबरा. नाटकातल्या ‘फ्रिंज’चा जन्मही तिथलाच. १९४७ साली, युद्धाच्या राखेतून युरोप उठत असताना, तिथे पहिला आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरला. आठ नाट्यसंस्था न बोलावता गेल्या, मिळतील त्या जागा घेतल्या आणि प्रयोग केले. एकीने तर वीसेक मैलांवरच्या डनफर्मलिनच्या मठात केला. पुढच्या वर्षी नाटककार रॉबर्ट केम्प यांनी वर्तमानपत्रात महोत्सवाच्या ‘कडेने’ चाललेल्या या नाटकांविषयी लिहिलं, आणि नाव चिकटलं. कोणाचं नाटक घ्यायचं, कोणाचं नाही, हे ठरवणारी समिती तिथे आजही नाही. टॉम स्टॉपर्डचं ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ १९६६ मध्ये तिथेच पहिल्यांदा उभं राहिलं, विद्यार्थ्यांच्या संस्थेने केलेलं. ‘बियाँड द फ्रिंज’ हा गाजलेला प्रहसनांचा कार्यक्रम मात्र १९६० साली मुख्य महोत्सवानेच मांडला, कडेवाल्यांचा रंग आपल्यालाही जमतो हे दाखवायला. म्हणजे तेरा वर्षांत झालर शिवायचं दुकान मुख्य मंडपातच उघडलं होतं. आज कडेला तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात, मुख्य महोत्सव त्यांच्यापुढे आटोपशीर दिसतो, आणि ऑगस्टमधली खोलीभाडी ऐकून नवखे कलावंत माघारी फिरतात. न बोलावता जाणं आता फार महाग झालंय.

आपल्याकडे याला प्रायोगिक म्हणतात, क्वचित समांतर. ‘रंगायन’ने १९६० पासून पाया घातला. तिथून फुटून निघालेल्या ‘आविष्कार’ने १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बस्तान बसवलं. शाळेचं सभागृह, तुटपुंजे दिवे, नटाच्या कपाळावरचा घाम पहिल्या रांगेला दिसेल एवढं अंतर. व्यावसायिक रंगभूमीला नट, दिग्दर्शक, नाटककार इथून गेले, आणि व्यावसायिक नाटकांतून मिळालेला पैसा घेऊन तेच लोक इथे परत येत राहिले. धागा दोन्हीकडे तोच होता. या काळाबद्दल लिहिताना ‘विरुद्ध’ हा शब्द जरा जास्तच वापरला जातो, असं मला वाटतं.

विज्ञानातली कड निवडणं सर्वांत अवघड. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या हवामानशास्त्रज्ञाने खंडं सरकतात असं म्हटलं, तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं. खंडं कशाने सरकतात, याचं त्याचं उत्तर चुकीचं होतंच. पण अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे जुळणारे खडक आणि जीवाश्म ही त्याची टोकं सगळ्यांच्याच कापडातली होती, कुणीही ओढून बघावीत अशी. १९६० च्या दशकात समुद्रतळाचे पुरावे आले आणि ती टोकं विणली गेली. वेगेनर १९३० मध्येच ग्रीनलँडच्या बर्फात गेला होता. याच्या उलट १९०३ चे नान्सीचे ‘एन-किरण’. प्राध्यापक ब्लाँडलो यांना ते दिसत, त्यांच्या देशबांधवांनाही दिसत. अमेरिकेहून आलेल्या रॉबर्ट वुड यांनी अंधाऱ्या प्रयोगशाळेत यंत्रातला लोलकच गुपचूप काढून घेतला, तरी आकडे पूर्वीसारखेच वाचून दाखवले गेले. ताजमहाल मूळची हिंदू वास्तू असल्याचा पु. ना. ओकांचा दावा याच वर्गातला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यांची याचिका फेटाळली, व्हॉट्सॲपवर मात्र तो अजून टवटवीत आहे. ‘गॅलिलिओलाही हसले होते’ असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की बाबा, तुझं कोणतं टोक मी ओढून बघू?

राजकारणात हा शब्द हात झटकायला वापरतात. कुठे तोडफोड झाली, कुणाला मारहाण झाली, की प्रवक्ते म्हणतात, ते फ्रिंज एलिमेंट, आमचा त्यांचा संबंध नाही. म्हणजे झालर, हवी तेव्हा उसवता येणारी. पण त्या मुलांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो असतात ते पाहिलं की ताणा कुठवर गेलाय ते दिसतं.

आणि एक कड अशी आहे जी कुणी हौसेने धरलेली नाही. प्रायोगिकवाल्यांनी कड निवडली, गावकुसाबाहेरच्यांना ती नेमून दिली गेली. वेशीची राखण, सांगावा पोचवणं, मेलेली गुरं ओढणं ही कामं ज्यांच्यावर टाकली ते गावाच्या मधोमध रोज लागत होते, राहायला तेवढे बाहेर. कडेचं कौतुक करताना हा फरक विसरला की कौतुकाची शिसारी येते. मराठी साहित्यात त्या जागेवरून लिहिलेलं बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आलं, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’.

‘गोलपिठा’ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. ते तेव्हा प्रायोगिक रंगभूमीचे, म्हणजे पांढरपेशा मराठी जगाच्या कडेचे लेखक मानले जात. ढसाळांच्या वस्तीच्या हिशेबाने मात्र ते अगदी मधले. ते ढसाळांबरोबर ती वस्ती फिरले, कवितेतल्या ज्या शब्दांचा अर्थ लागला नाही तो कवीलाच विचारला, आणि आपल्याला हे ठाऊक नव्हतं हे प्रस्तावनेत उघड ठेवलं. या संग्रहातल्या शेवटच्या भागाबद्दल मी याहून जास्त काही लिहीत नाही. तिथल्या लेखकांना माझ्या ओळखीची गरज नाही, आणि ते वाचताना मलाच काही शब्द विचारून घ्यावे लागले.